एकशे दोन मीटर

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी सत्तावन्न नंबरची बस डेस्मंड पिकर्सगिल यांच्या कुंपणात शिरली. फार जोरात शिरली असं नाही. एखादा भिडस्त पाहुणा "येऊ का?" म्हणत दारातून नुसतं डोकं आत घालतो, तशी शिरली. पण शिरली.

कुंपण झुडपांचं होतं आणि साधंसुधं नव्हतं. आस्करबीच्या वार्षिक बागस्पर्धेत त्याला तीन वेळा दुसरं बक्षीस मिळालं होतं. पहिलं का मिळालं नाही, हा विषय पिकर्सगिलांच्या घरी जेवताना काढायचा नाही असं त्यांच्या बायकोनं, हिलरीनं, ठरवून टाकलं होतं. बस आत आली तेव्हा डेस्मंड कुंपणाच्या अलीकडे ओळंबा धरून उभे होते. वरची कड डावीकडे दोन मिलिमीटर झुकल्याचा त्यांना संशय होता. आता त्या कडेचं काहीच राहिलं नाही, त्यामुळे संशयही उरला नाही.

कुंपणाला वळसा घालून ते रस्त्यावर पोचेपर्यंत त्यांच्या मनात तीन परिच्छेदांचं खरमरीत भाषण तयार झालं होतं. बसमध्ये सहा उतारू होते आणि सहाही धडधाकट होते. एक्याऐंशी वर्षांच्या मिसेस एन्टविसल यांचा विणकामातला एक टाका तेवढा निसटला होता आणि त्या तो उचलण्यात गुंतल्या होत्या. चालकाच्या जागेवर नोरा सग्डन बसली होती. छप्पन्न वर्षांची, दणकट, सगळ्या जगाला "राजा" म्हणणारी बाई. आज मात्र तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"डोळा लागला, राजा," ती म्हणाली. "एवढासाच. पापणी मिटली आणि उघडली, तर समोर तुझं झुडूप."

डेस्मंडनी भाषणासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात हिलरी चहाचा ट्रे घेऊन आली. यॉर्कशायरमध्ये चहा आल्यावर कुणी कुणाला रागवत नाही. त्यामुळे तीन परिच्छेद तसेच गिळावे लागले.

"किती दिवस सलग चालवते आहेस?" हिलरीनं विचारलं.

"आज बारावा. दोन चालक सोडून गेले, तिसऱ्याची कंबर धरलीय."

"पण हे नियमाबाहेर आहे!" डेस्मंड म्हणाले. नियमाबाहेर हा शब्द ते असा उच्चारत, जसा दुसरा एखादा माणूस 'खून' म्हणेल.

"नियमातच आहे, राजा. पंधरा दिवसांत एक सुट्टी दिली की झालं." नोरानं कपात तिसरी साखर टाकली. "बटाटे घेऊन जाणारा ट्रकवाला असतो ना, त्याला साडेचार तासांनी पाऊण तास थांबावंच लागतं. सहा दिवसांनी सुट्टी. आठवड्याला छप्पन्न तासांच्या वर त्यानं चालवायचं नाही. माझ्या मागे माणसं बसतात. मला साडेपाच तासांनी अर्धा तास. आठवड्याचा हिशेब कोणी विचारत नाही."

"असं का?"

"पन्नास किलोमीटरच्या आतली बस गावातली धरतात. गावातल्या बसला बटाट्यांचे नियम नाहीत. आमचा मार्ग आहे एकोणपन्नास पूर्णांक सात."

डेस्मंडच्या हातातला कप अर्ध्यावर थांबला.

इथे सांगायला हवं की डेस्मंड पिकर्सगिल यांनी चौतीस वर्षं वजनमाप निरीक्षक म्हणून नोकरी केली होती. त्यांनी दारूच्या गुत्त्यांतले पेले मोजले होते, खाटकांचे तराजू उलटे करून पाहिले होते आणि एका बिशपला जत्रेत कमी वजनाचा केक विकताना पकडलं होतं. एकोणपन्नास पूर्णांक सात हा आकडा ऐकला आणि त्यांना स्पष्ट दिसलं, कोणीतरी मापात दांडी मारतंय.

"मी मोजतो," ते म्हणाले.

"आधी कुंपणाचं बघ," हिलरी म्हणाली. पण ते ऐकायला डेस्मंड तिथे नव्हते. माळ्यावर जुन्या सामानाची खडखड सुरू झाली होती.

त्यांनी खाली आणलं ते मोजणीचं चाक होतं. लांब दांडा, टोकाला कडेभोवती रबरी धाव असलेलं चाक, आणि वर आकडे दाखवणारी डबी. चाकाचा एक फेरा म्हणजे एक मीटर आणि प्रत्येक मीटरला एक 'टक्'.

शेजारचे क्लिफर्ड ऑग्डेन सल्ला द्यायला आलेच. आपल्याकडे कोणी शिडी लावली की जसे चारजण खाली उभे राहून "जरा डावीकडे" म्हणतात, तसे क्लिफर्ड एकटेच चौघांचं काम करत.

"डेस्मंड, अरे फोनमध्ये मोजता येतं. घरबसल्या. दोन मिनिटांत."

"फोनवर सरकारी शिक्का असतो का?"

"शिक्का कशाला?"

"ज्या मापावर शिक्का नाही ते माप नव्हे, क्लिफर्ड. ती अफवा."

हे वाक्य पुढे त्यांच्याच अंगावर येणार होतं. पण त्या दिवशी ते त्यांना फार आवडलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी ते हिलरीला आणखी दोनदा ऐकवलं.

आस्करबीपासून मार्गाच्या दुसऱ्या टोकापर्यंत, होम्सकारपर्यंत, चालत जायला त्यांनी तीन दिवस धरले. पहिल्या दिवशी सतरा किलोमीटर झाले आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं त्यांना हाक मारली. चालताना आकडे डबी मोजते, माणसानं मोजायची गरज नसते. पण डेस्मंड डबीवर विश्वास असूनही मनात मोजत होते. त्यामुळे "किती वाजले हो?" असं विचारणाऱ्या बाईला त्यांनी "चार हजार दोनशे अकरा" असं उत्तर दिलं. ती बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि पलीकडूनच चालत राहिली. सत्तावन्न नंबर दिवसातून कितीतरी वेळा त्यांच्या शेजारून जाई, नोरा भोंगा वाजवी आणि उतारू खिडकीला नाकं लावून पाहत. म्हातारा आज कुठवर पोचतो यावर बसमध्ये टॉफ्यांच्या पैजा लागायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी एका मेंढपाळानं त्यांना फाटकाशी अडवलं.

"काय मोजताय?"

"रस्ता."

"कोणासाठी?"

"ते मी सध्या सांगू शकत नाही," डेस्मंड म्हणाले. चौकशी चालू असताना बोलायचं नाही, ही चौतीस वर्षांची सवय.

संध्याकाळी ते घरी आले, तळव्यांना आलेले फोड मोजले (सात), आणि पाय गरम पाण्यात बुडवणार इतक्यात हिलरी म्हणाली, "चल, चर्चच्या सभागृहात सभा आहे. लिंबाचा केक आहे म्हणे."

सभागृह गच्च भरलं होतं. व्यासपीठावर क्लिफर्ड ऑग्डेन उभे होते आणि मागे चादरीवर रंगवलेलं होतं, 'बायपास नको.'

"मित्रहो," क्लिफर्ड सांगत होते, "आपल्या दरीतून मोठा रस्ता काढायचा घाट घातला गेलाय. सरकारी मोजणीदार आज चाक घेऊन फिरताना दिसला. वर्णन माझ्याकडे आहे. म्हातारा, वाकलेला, आणि चेहऱ्यावर खुनशी भाव."

हे शेजारच्या माळ्यावरचंच चाक असेल, असं क्लिफर्डच्या डोक्यातही आलं नव्हतं. डेस्मंड उभे राहिले. आपल्याला सरकारी हस्तक म्हटलं, खुनशी म्हटलं, याचं त्यांना काही नव्हतं. चौतीस वर्षं खाटकांनी त्यांना याहून वाईट शब्द वापरले होते.

"वाकलेला?" ते म्हणाले. "वाकलेला कोण?"

मग खुलासा झाला. बायपास नव्हता, बस होती. कुंपण, बारा दिवस, मिटलेली पापणी, बटाटे, सगळं डेस्मंडनी सांगितलं. सभागृहाला आधी जरा वाईट वाटलं, कारण चादर वाया गेली होती. पण माणसं जमलीच होती, केकही कापून झाला होता, तेव्हा दुसऱ्या विषयावर भांडायला कोणाची हरकत नव्हती.

आणि भांडण खरंच अवघड निघालं. कोणी म्हणालं, "नोराला ट्रकवाल्याचे नियम लागू झालेच पाहिजेत." त्यावर पहिल्याच रांगेतून मिसेस एन्टविसल म्हणाल्या, "होऊ देत. पण मग दिवसाच्या चार फेऱ्यांतली एक बंद होईल. कंपनी म्हणेल, चालक नाही. आणि ती फेरी गुरुवारची सकाळची असेल, कारण नेहमी तीच असते. गुरुवारी सकाळी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते. नोरा झोपलेली मला नकोय. पण नोरा नसलेलीही नकोय."

लोक केक खात राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी होम्सकारच्या शेवटच्या थांब्यावर डेस्मंडनी चाक उभं केलं आणि डबी पाहिली. पन्नास हजार तीनशे. पन्नास किलोमीटर तीनशे मीटर! परतीच्या बसमध्ये त्यांनी ती डबी नोराला दाखवली, तर तिनं बस थांबवून त्यांच्या गालाचा मुका घेतला. उतारूंनी टाळ्या वाजवल्या. डेस्मंड घरापर्यंत लालेलाल होते आणि हिलरीला त्यांनी त्याचं कारण ऊन असं सांगितलं. ऊन पडलं नव्हतं.

वाहतूक कार्यालयाला नऊ पानी पत्र गेलं, नकाशांसह. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. उत्तर दोन ओळींचं आणि अतिशय सभ्य होतं. 'आपल्या पत्राबद्दल आभार. कृपया मोजणीच्या उपकरणाचा चालू तपासणी-दाखला जोडावा.'

डेस्मंड माळ्यावर गेले. दाखला सापडला. त्याची मुदत चौदा वर्षांपूर्वी संपली होती.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. ज्या माणसानं मुदत संपलेल्या शिक्क्यासाठी विधवांच्या दुकानांतले तराजू उचलून नेले, तो स्वतः तीन दिवस भर रस्त्यात बिनशिक्क्याचं माप घेऊन फिरला होता. तेही ताठ मानेनं.

"फोननं मोजलं असतंस तर..." कुंपणाच्या भगदाडातून क्लिफर्ड म्हणाले. भगदाडामुळे त्यांना आता सल्ला द्यायला घराबाहेर पडावं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डेस्मंड आपल्या जुन्या कचेरीत गेले. त्यांच्या खुर्चीवर आता रुबिना दर बसत होती. ती वीस वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली रुजू झाली होती आणि पहिल्याच आठवड्यात तिला त्यांनी एक ग्रॅमच्या चुकीसाठी तासभर सुनावलं होतं. रुबिनानं चाक उलटंपालटं करून पाहिलं, शंभर मीटरच्या पट्टीवर पाच वेळा चालवलं आणि चष्मा काढला.

"सर, धाव झिजलीय. चाक लहान झालंय. किलोमीटरमागे आठ मीटर जास्त दाखवतंय."

डेस्मंडनी मनात गुणाकार केला. रुबिना कागदावर करत होती. दोघांचं एकदमच झालं.

"एकोणपन्नास हजार आठशे अठ्ठ्याण्णव," रुबिना हळू म्हणाली. "पन्नासला एकशे दोन मीटर कमी पडले, सर."

कंपनीचा आकडा खोटाच होता. पण खोटा असूनही पन्नासच्या आतच होता. याहून चीड आणणारी गोष्ट वजनमापाच्या शास्त्रात नाही.

"आणि सर," रुबिनानं घसा खाकरला, "हे चाक मला ठेवून घ्यावं लागेल. नियम..."

"माहितेय. तो नियम मीच तुला शिकवलाय." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "पावती दे."

रुबिनानं पावती दिली. मग टेबलाला वळसा घालून आली आणि तिनं त्यांना बाहेरपर्यंत पोचवलं. तेव्हा डेस्मंड खरोखरच थोडे वाकलेले दिसत होते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सभा होती आणि या वेळी बस कंपनीचे व्यवस्थापक मिस्टर लेथम जातीनं आले होते. चाळिशीचा, चकचकीत बुटांचा, वाईट म्हणता येणार नाही असा माणूस. हिलरीनं सकाळपासून तीनदा विचारलं होतं, "सांगायलाच हवं का?" डेस्मंडनी एकदाही उत्तर दिलं नव्हतं, कारण तो प्रश्नच नव्हता.

ते उभे राहिले. "माझं माप चुकलं," ते म्हणाले. "मार्ग पन्नास किलोमीटरला एकशे दोन मीटर कमी आहे. चाक झिजलेलं होतं. शिक्का नव्हता. दोष माझा आहे."

मिस्टर लेथमनी सुटकेचा श्वास सोडला.

"मग प्रश्न मिटलाच म्हणायचा. आम्ही प्रत्येक नियम पाळतो. आणि मंडळी, आपल्यातच सांगतो, काही खाणीतलं काम नाही हे. बसून करायचं काम आहे."

मागच्या रांगेतून नोरा उठली. तिच्या हातात केकची बशी होती, ती तिनं आधी शेजारणीकडे दिली.

"मिस्टर लेथम, मला झोप येते ना, ती किलोमीटर विचारून येत नाही. ती तास मोजते. एकशे दोन मीटर कमी पडल्यानं माणूस थकायचा राहत असता, तर मी रोज एकशे तीन मीटर आधीच उतरले असते."

टाळ्या पडल्या. त्या ओसरल्यावर मिसेस एन्टविसल यांचा बारीक आवाज आला. "अहो लेथम, बसूनच करायचं काम आहे ना? मग तुम्ही बसाच की एक दिवस. चालवू नका हो, ते अवघड असतं. तिच्या मागे नुसते बसा. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत."

तीस माणसांसमोर "नाही" म्हणता येत नाही. मिस्टर लेथम "आनंदानं" म्हणाले.

ठरलेल्या दिवशी सकाळी सहाला ते बसमध्ये चढले, ताजेतवाने, मांडीवर लॅपटॉप. पलीकडच्या बाकावर डेस्मंड, हातात घड्याळ आणि रेघा मारलेला तक्ता. (घड्याळ रुबिनाकडून तपासून आणलं होतं. ठेच लागलेला माणूस होता तो.) आठपर्यंत मिस्टर लेथम प्रत्येक उतारूला "सुप्रभात" म्हणत होते. दहाला त्यांनी लॅपटॉप मिटला, कारण वळणांवर अक्षरं नाचायला लागली होती. अकराला नोराच्या विश्रांतीत त्यांनी सँडविचचे दोन घास घेतले आणि तिसऱ्याला "चला" झालं. एकला ते पाय लांब करू लागले. दोनला त्यांनी बूट काढले. तीनच्या सुमाराला ढग पांगले, डाव्या खिडकीतून उबदार ऊन आलं, गाडीची घरघर एका सुरात लागली आणि मिस्टर लेथम यांचं डोकं हळूहळू, अगदी मानानं, शेजारी बसलेल्या मिसेस एन्टविसल यांच्या खांद्यावर टेकलं.

मिसेस एन्टविसल यांचा थांबा पुढचाच होता. त्यांनी नोराकडे आरशात पाहिलं आणि मान हलवली. उतरणार नाही.

मग त्या बसमध्ये जे झालं, ते आस्करबीत अजून सांगतात. घंटा कोणी वाजवेना. ज्याला उतरायचं तो दबक्या पावलांनी पुढे येई आणि नोराच्या दंडाला बोट लावी. चढणाऱ्याला पहिल्या बाकावरचा माणूस ओठांवर बोट ठेवून दाखवी. एक टेरिअर कुत्रा भुंकायच्या बेतात होता, त्याला कोणीतरी अख्खं सॉसेज दिलं. शाळेच्या तेवीस मुली चढल्या आणि तेवीसही गप्प बसल्या, हे त्यांच्या मुख्याध्यापिकेला आजही खरं वाटत नाही. आणि नोरा? नोरानं बस दरीत अशी उतरवली की जणू मागे माणसं नव्हे, अंडी भरली होती. मिसेस एन्टविसल होम्सकारपर्यंत गेल्या आणि परत आल्या, एक खांदा स्थिर ठेवून, दुसऱ्या हातानं विणत.

डेपोत नोरानं गाडी बंद केली. त्या शांततेनं मिस्टर लेथम जागे झाले. गालावर मिसेस एन्टविसल यांच्या स्वेटरची उलट-सुलट वीण उमटली होती.

"आँ? कुठे आलो?"

"डेपोत," डेस्मंड म्हणाले आणि तक्ता पुढे केला. "दोन तास बावन्न मिनिटं. घोरणं धरून."

मिस्टर लेथमनी तक्ता पाहिला. मग बूट शोधले. मग नोराकडे पाहिलं. "आणि... तुम्ही?"

"मी जागी होते, राजा," नोरा म्हणाली. "म्हणून तू आहेस."

मिस्टर लेथमनी तक्ता घडी करून खिशात ठेवला आणि मग बूट घातले.

महिनाभरात बसथांब्यावर नवी सूचना लागली. साडेचार तासांनी पाऊण तास विश्रांती. सहा दिवसांनी एक सुट्टी. फेऱ्या चारच. एक निवृत्त चालक आणि नोकरी सोडून गेलेल्यांपैकी एक, दोघं परत आले, कारण आता परत येण्यासारखं काही होतं. कायद्यात काही बदललं नाही. पन्नास किलोमीटरची अट काढावी म्हणून डेस्मंड दर महिन्याला लंडनला पत्र लिहितात आणि दर महिन्याला आभाराचं छापील कार्ड येतं. कायद्याच्या दृष्टीनं अजून बटाटेच वरचढ आहेत. पण आस्करबीत नाहीत.

नोराच्या पहिल्या गुरुवारच्या सुट्टीला ती काय करणार, याची गावाला मोठी उत्सुकता होती. दिवसभर झोपेल, असं क्लिफर्डचं मत होतं. सकाळी दहाच्या सत्तावन्न नंबरमध्ये डेस्मंड आणि हिलरी चढले, तर खिडकीशी नोरा बसलेली. फुलाफुलांचा झगा, मांडीवर पर्स, तिकीट हातात.

"सुट्टीच्या दिवशी इथे काय करतेस?" डेस्मंडनी विचारलं.

"सव्वीस वर्षं या रस्त्यावर आहे, राजा. सगळी वर्षं समोर बघितलंय. म्हटलं, एकदा बाजूला काय आहे ते बघू."

बस टेकडी चढली. मिसेस एन्टविसल डोळ्यांच्या डॉक्टरकडे उतरल्या. नोरा कपाळ काचेला लावून बसली होती, लहान मुलीसारखी. दगडी पुलाच्या पुढचं वळण आलं आणि ती एकदम ओरडली, "अगं बाई! हा धबधबा इथे कधीपासून आहे?"

"हिमयुगापासून असेल," हिलरी म्हणाली.

"आणि मला कोणी सांगितलं नाही!" नोरा म्हणाली, आणि धबधबा दिसेनासा होईपर्यंत मान वळवून पाहत राहिली.